शेकोटीजवळची ‘शून्य’ बिअर

पनवेल, प्रतिनिधी

पनवेल हे मुंबई-ठाण्याच्या हौशी भटक्यांसाठी मुक्कामी सहलींचे प्रवेशद्वार झाले आहे. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग, जुना पुणे रस्ता आणि गोव्याकडे जाणारा महामार्ग या तिन्ही वाटांची तोंडे येथे जवळजवळ आहेत. ठाकूरवाडीतून चढून प्रबळमाचीवर तंबूत रात्र काढावी आणि पहाटे कलावंतीण दुर्ग गाठावा, घाट ओलांडून पवना धरणाच्या काठी शेकोटी पेटवावी, नाही तर माथेरानच्या पायथ्याशी एखाद्या फार्महाऊसच्या अंगणात तंबू ठोकावेत, असे बेत दर शनिवार-रविवारी आखले जातात. तंबू, चटया, विजेऱ्या, कोळसा आणि मसाला लावून ठेवलेली कोंबडी यांच्याबरोबर सामानाच्या यादीत आणखी एक ओळ बहुधा ठरलेली असते. पूर्वी त्या ओळीत नुसते ‘बिअर’ एवढेच असे. आता काही याद्यांत तिच्या आधी ‘बिनअल्कोहोलची’ हा शब्द येऊ लागला आहे.

या शब्दाची चेष्टा होते. अल्कोहोल नसलेली बिअर म्हणजे पुरण नसलेली पोळी, असे म्हणून ती हसण्यावारी नेली जाते. परंतु रविवारी सकाळी घाट उतरून गाडी घरी आणायची कोणी, घोळक्यातल्या ज्याने दारू सोडली आहे त्याने शेकोटीपाशी बसायचे कसे आणि मधुमेह असलेल्या मित्राच्या हाती काय द्यायचे, हे प्रश्न चेष्टेवारी नेण्याजोगे नाहीत. या पेयाची निवड केवळ चवीवर सोडता येत नाही, ती याच प्रश्नांमुळे. आणि ही निवड करताना ग्राहकाला दुकानाच्या फळीवरून, कायद्यातून किंवा जाहिरातीतून फारशी मदत मिळत नाही, ही खरी अडचण आहे.

शून्य आणि अर्धा

पहिला गोंधळ आकड्यांचा आहे. बाटलीवर ‘०.०’ असते, कुठे ‘०.५ टक्क्यांपेक्षा कमी’ असते, तर कुठे केवळ ‘नॉन-अल्कोहोलिक’ एवढाच शब्द असतो. तिन्ही एकच, असे गृहीत धरून खरेदी केली जाते. वस्तुस्थिती तशी नाही.

भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने २०१८ मध्ये मद्यांसाठी जी मानके अधिसूचित केली आणि जी १ एप्रिल २०१९ पासून लागू झाली, त्यांनुसार आकारमानाने ०.५ टक्क्यांहून अधिक अल्कोहोल असलेले पेय हे मद्य ठरते. त्याखालचे पेय या व्याख्येबाहेर राहते. ही ०.५ टक्क्यांची रेघ नवी नाही. अमेरिकेत दारूबंदी अमलात आणण्यासाठी १९१९ मध्ये जो व्होल्स्टेड कायदा झाला, त्यात हीच मर्यादा होती. तिच्या आत बसणारी फिकी बिअर विकून तेथील कारखान्यांनी बंदीची वर्षे काढली. पुढे बंदी गेली, रेघ मात्र अनेक देशांच्या नियमांत टिकून राहिली. ब्रिटनमध्ये ‘अल्कोहोल-फ्री’ हा शब्द वापरण्यासाठी ०.०५ टक्के ही त्याहून कडक मर्यादा मार्गदर्शक मानली गेली. म्हणजेच एका देशातील ‘मुक्त’ हे दुसऱ्या देशात ‘अल्प’ ठरू शकते.

‘०.०’ हेही गणितातले निखळ शून्य असतेच असे नाही. दशांशाच्या पहिल्या स्थानापर्यंत शून्य, एवढाच त्या लिखाणाचा अर्थ होतो. अर्थात, यात घाबरण्यासारखे काही नाही. पिकलेले केळे, पाव आणि आंबवलेले अनेक पदार्थ यांतही अल्कोहोलचा अंश असतोच. प्रश्न प्रमाणाचा आहे आणि तो साध्या त्रैराशिकाने सुटतो. ३३० मिलिलिटरच्या बाटलीत ०.५ टक्के अल्कोहोल असेल, तर ते १.६५ मिलिलिटर, म्हणजे सुमारे १.३ ग्रॅम भरते. आपल्याकडे सर्रास प्यायल्या जाणाऱ्या ‘स्ट्राँग’ बिअरच्या ६५० मिलिलिटरच्या बाटलीत ८ टक्क्यांच्या हिशेबाने ५२ मिलिलिटर, म्हणजे सुमारे ४१ ग्रॅम अल्कोहोल असते. एका स्ट्राँग बाटलीइतके अल्कोहोल पोटात जाण्यासाठी अर्ध्या टक्क्याच्या एकतीस बाटल्या रिचवाव्या लागतील. इतके द्रव एका रात्रीत पोटात मावणारच नाही.

तेव्हा निरोगी प्रौढ माणसासाठी शून्य आणि अर्धा यांतील भेद नगण्य आहे. तो महत्त्वाचा ठरतो तो काही विशिष्ट लोकांसाठी. व्यसनमुक्तीच्या उपचारात डायसल्फिराम हे औषध घेणाऱ्यांना अल्कोहोलचा अंश असलेल्या खोकल्याच्या औषधापासूनही दूर राहण्यास सांगितले जाते. गरोदर स्त्रिया, यकृताचे रुग्ण आणि धार्मिक श्रद्धेमुळे मद्य वर्ज्य मानणारे यांच्यासाठीही अर्ध्या टक्क्याची बाटली योग्य नव्हे. अशी एक जरी व्यक्ती बरोबर असेल, तर सर्वांसाठीच ‘०.०’ आणावी. अंधारात विजेरीच्या उजेडात कोणती बाटली कोणाची, हे ओळखत बसणे शक्य नसते.

बिअर की माल्टचे सरबत?

दुसरा गोंधळ नावाचा आहे. ‘नॉन-अल्कोहोलिक बिअर’ या एकाच फळीवर प्रत्यक्षात दोन-तीन निरनिराळ्या जातींची पेये मांडलेली असतात.

पहिली जात खऱ्या बिअरची. सातू, म्हणजे बार्ली, भिजवून मोड आणायचे, ते वाळवून माल्ट करायचे, त्याचा काढा हॉप्स घालून उकळायचा आणि यीस्टने आंबवायचा, हा नेहमीचा क्रम पूर्ण होतो. त्यानंतर तयार बिअरमधून अल्कोहोल काढून घेतले जाते. अल्कोहोल ७८ अंश सेल्सिअसला उकळते; परंतु हवेचा दाब पुष्कळ कमी केला, की ते बरेच कमी तापमानाला निघून जाते आणि चव करपत नाही. बारीक छिद्रांच्या पडद्यातून गाळूनही ते वेगळे करता येते. दुसऱ्या जातीत आंबवण्याची क्रिया मध्येच थांबवतात, किंवा अल्कोहोल फारसे न करणारे यीस्ट वापरतात. तिसऱ्या जातीत आंबवणे नसतेच. माल्टचा अर्क, साखर, फळांचा स्वाद आणि वायू यांचे ते मिश्रण असते. आखाती देशांत मिळणारी बार्बिकनसारखी माल्टची पेये तिकडे नोकरी केलेल्या कोकणातील अनेक घरांना परिचित आहेत. त्यांचे नाते बिअरपेक्षा सरबताशी जवळचे आहे.

भारतात या बाजारपेठेला वेग आला तो गेल्या काही वर्षांत. युनायटेड ब्रुअरीजने २०१८ मध्ये किंगफिशर रॅडलर आणली, एबी इनबेव्हने २०१९ मध्ये बडवायझर ०.० बाजारात उतरवली. जगात २०१७ मध्ये आलेली हायनेकेन ०.० हीदेखील भारतात पोहोचली. मुंबईत सुरू झालेली आणि पुढे कोल्हापूरच्या घोडावत उद्योगसमूहाकडे गेलेली कूलबर्ग ही फळांच्या स्वादाची माल्ट पेये विकते. रॅडलर हा मूळचा जर्मन शब्द असून त्याचा अर्थ सायकलस्वार असा आहे. बिअर आणि लिंबाचे सरबत यांच्या मिश्रणाला तेथे हे नाव पडले.

ही जात ओळखण्याचा उपाय बाटलीच्या पुढच्या बाजूस नसून मागच्या बाजूस आहे. घटकांच्या यादीत पाणी, बार्ली माल्ट आणि हॉप्स हे आरंभी असतील, तर कडवट चवीची बिअर हाती आली असे समजावे. माल्टच्या जोडीला साखर आणि स्वाद वरच्या क्रमांकावर असतील, तर ते गोड पेय आहे. दोन्हींत वाईट काही नाही; मात्र एकाच्या अपेक्षेने दुसरे आणले, की मंडळी तोंड वाकडे करतात आणि मग कोणीतरी जवळच्या बिअर शॉपीची वाट धरतो. सहलीचा बेत बहुधा येथेच बिघडतो.

साखरेचा हिशेब

अल्कोहोल गेले म्हणजे पेय आरोग्यदायी झाले, हा समजही तपासून पाहण्याजोगा आहे. अल्कोहोल काढलेल्या कडवट बिअरमध्ये साखर सहसा बेताची असते. आंबवणे अर्धवट सोडलेल्या किंवा फळांचा स्वाद दिलेल्या पेयांत ती बरीच असू शकते. पाकिटबंद अन्नाच्या लेबलवर एकूण साखर आणि वरून घातलेली साखर हे दोन्ही आकडे देणे बंधनकारक आहे. ते सहसा दर १०० मिलिलिटरमागे दिलेले असतात, बाटलीमागे नव्हे. तेव्हा गुणाकार ग्राहकालाच करावा लागतो. समजा, लेबलवर १०० मिलिलिटरला ८ ग्रॅम साखर आहे. तर ३३० मिलिलिटरच्या बाटलीत ती २६ ग्रॅमच्या पुढे, म्हणजे पाच चहाचे चमचे भरून होते. अशा दोन बाटल्या झाल्या, की जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढ माणसासाठी सांगितलेली दिवसाची सुमारे ५० ग्रॅमची कमाल मर्यादा ओलांडली जाते. पंक्तीत मधुमेही असेल, तर हा गुणाकार दुकानातच करावा. गडावर गेल्यावर त्याचा उपयोग नसतो.

तहान भागवण्यासाठी म्हणून या बाटल्या नेऊ नयेत, हेही ओघाने आलेच. जर्मनीत व्यायामानंतर अल्कोहोलविरहित गव्हाची बिअर पिण्याची पद्धत आहे. तिकडची हवा थंड आहे. कोकणातल्या दमट उन्हात प्रबळमाची चढताना घाम निथळतो. तेथे पाणी, लिंबू-मीठ-साखरेचे सरबत, कोकम आणि ताक यांना पर्याय नाही. बिअर, मग ती शून्याची का असेना, बसल्यावर घ्यायची वस्तू आहे.

परतीचा रस्ता

शून्याच्या बाटलीची खरी किंमत कळते ती दुसऱ्या दिवशी सकाळी. ‘रात्रीची रात्री उतरली’ हा आपल्याकडचा सार्वत्रिक समज आहे. गणित काही वेगळेच सांगते.

मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ नुसार १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमहून अधिक अल्कोहोल आढळल्यास तो गुन्हा आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या वेळी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजार रुपये दंड किंवा दोन्ही, तर दुसऱ्या वेळी दोन वर्षांपर्यंत कैद किंवा पंधरा हजार रुपये दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. आता ७० किलो वजनाचा एक पुरुष घेऊ. ढोबळ हिशेबाने ८ टक्क्यांची एक मोठी बाटली त्याच्या रक्तातील प्रमाण सुमारे ८५ मिलिग्रॅमपर्यंत नेऊ शकते. यकृत तासाला साधारण १५ मिलिग्रॅम एवढेच कमी करते. त्याने रात्री ८ ते १ या वेळात अशा तीन बाटल्या घेतल्या, तर सकाळी ७ वाजता चहा घेऊन तो गाडीची किल्ली उचलतो तेव्हा त्याच्या रक्तात ९० मिलिग्रॅमच्या आसपास अल्कोहोल उरलेले असू शकते. म्हणजे कायदेशीर मर्यादेच्या तिप्पट. वजन, जेवण आणि प्रकृती यांनुसार आकडे पुढे-मागे होतील. मात्र गार पाण्याची आंघोळ, कडक चहा किंवा लिंबू-पाणी यांनी यकृताचा वेग वाढत नाही. अर्ध्या टक्क्याच्या बाटलीसाठी हाच हिशेब मांडला, तर उत्तर ३ मिलिग्रॅमच्याही आत येते.

पनवेलच्या दृष्टीने हे गणित पुस्तकी नाही. महामार्गांपासून ५०० मीटरच्या आत दारूची विक्री नको, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१६ मध्ये दिला आणि तो १ एप्रिल २०१७ पासून लागू झाला. त्याच वर्षी पुढे शहरी हद्दीतील दुकानांना त्यातून सवलत मिळाली. ऑक्टोबर २०१६ मध्येच पनवेलची महापालिका झाली होती. महामार्गांनी वेढलेल्या शहरात दुकान कोठे असावे यावर बराच काथ्याकूट झाला; डिकीत ठेवलेल्या पेटीला मात्र अंतराचा कोणताही नियम अडवत नाही. तेथे अडवणारा एकच माणूस असतो आणि तो म्हणजे चाकामागे बसणारा.

पाण्याचेही तसेच आहे. देहरंग म्हणजेच गाढेश्वर धरणाच्या परिसरात आणि गाढी नदीच्या काठी पावसाळ्यात पर्यटकांना बंदी करणारे आदेश काढावे लागतात. खारघरच्या पांडवकडा धबधब्याजवळ ऑगस्ट २०१९ मध्ये महाविद्यालयीन मुली वाहून गेल्या. पूर्ण शुद्धीत असलेल्यांना जो ओढा दाद देत नाही, तो झिंगलेल्यांना कसा देईल?

कायद्याची धूसर जागा

महाराष्ट्रात दारू पिण्यासाठी परवाना लागतो, याची आठवण बहुतेकांना नसते. १९४९ चा दारूबंदी कायदा आजही पुस्तकात आहे. एक दिवसाचा पाच रुपयांचा परवाना, वर्षाचा शंभराचा आणि आजन्म हजाराचा, ही पद्धत त्यातूनच आली. बिअरसाठी वयाची २१ वर्षे आणि कडक मद्यासाठी २५ वर्षे पूर्ण असावी लागतात. गडकिल्ल्यांवर मद्यपान करून धिंगाणा घालणाऱ्यांवर याच कायद्याच्या कलम ८५ नुसार कारवाई करण्याचे आदेश राज्य शासनाने फेब्रुवारी २०२० मध्ये दिले. त्यात सहा महिन्यांपर्यंत कैद आणि दहा हजार रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे.

या कायद्यातील ‘मद्य’ या शब्दाची व्याख्या फार व्यापक आहे. अल्कोहोल असलेले सर्व द्रव पदार्थ तीत येतात. त्यामुळेच १९५१ मध्ये बलसारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाला औषधे आणि प्रसाधने बंदीच्या तरतुदींतून बाहेर काढावी लागली. एकीकडे ही व्याख्या आणि दुसरीकडे अन्न प्राधिकरणाची ०.५ टक्क्यांची रेघ, अशा दोन मोजपट्ट्या समोरासमोर उभ्या आहेत. व्यवहारात ‘०.०’ बाटल्या किराणा दुकानांत आणि मॉलमध्ये शीतपेयांच्या शेजारी विकल्या जातात. तरीही सहलीला जाणाऱ्याने वाद ओढवून घेऊ नये हे बरे. गडाच्या पायथ्याशी किंवा अभयारण्याच्या नाक्यावर पिशवी तपासणाऱ्यास बाटली बिअरचीच दिसते. ‘०.०’ हे ठळक छापलेले डबे, खरेदीची पावती आणि नम्र उत्तर एवढे जवळ असावे. कर्नाळ्यासारख्या अभयारण्यात तर ती नेऊच नये. पक्ष्यांच्या राज्यात कोणत्याही मेजवानीची गरज नाही.

कराचा विचार केला तर चित्र आणखी विसंगत दिसते. साधी बिअर वस्तू व सेवा कराच्या कक्षेबाहेर असून तिच्यावर राज्याचे शुल्क आहे. जून २०२५ मध्ये राज्याने विदेशी मद्यावरील उत्पादन शुल्क वाढवले तेव्हा बिअर आणि वाइन यांना त्यातून वगळले. त्याच वर्षी २२ सप्टेंबरपासून अल्कोहोलविरहित बिअर ज्या गटात मोडते त्या पेयांवरील वस्तू व सेवा कर मात्र १८ टक्क्यांवरून ४० टक्क्यांवर गेला. साखरेच्या पेयांवर अधिक कर असावा, हे समजण्याजोगे आहे. परंतु शेकोटीभोवती नशेऐवजी शून्य निवडणाऱ्यालाच अधिक मोजावे लागणार असेल, तर धोरणाचा रोख नेमका कोणाकडे आहे, असे विचारावे लागेल.

आग्रहावरचा उतारा

इतके सारे करून हे पेय न्यायचे कशासाठी? सरबत पुरत नाही का? या प्रश्नाचे उत्तर बाटलीत नसून आपल्या रीतीभातीत आहे. आग्रह हा आपला जुना संस्कार. पंगतीत जिलेबीचा होतो, तसा तो शेकोटीपाशी पेल्याचाही होतो. आषाढ अमावास्येच्या, म्हणजे गटारीच्या सुमारास आणि ३१ डिसेंबरला तर त्याला ऊत येतो. ‘एक घे रे, काही होत नाही’ हे वाक्य किती जणांना नको असताना प्यायला लावते, याची मोजदाद कोणी केलेली नाही. हातात सरबताचा पेला असलेल्याला दर दहा मिनिटांनी खुलासा करावा लागतो. हातात बिअरचा डबा असला, की खुलासा मागितला जात नाही. गाडी चालवणाऱ्याला, उपास असणाऱ्याला किंवा नुसतीच इच्छा नसणाऱ्याला ही सोय मोठी आहे. अल्कोहोलविरहित बिअरचे सामाजिक मोल एवढेच. पण ते कमी नाही.

मात्र याच गुणात दोष दडलेला आहे. ज्याने मोठ्या कष्टाने दारू सोडली, त्याच्यासाठी तोच वास, तोच फेस आणि तीच कडवट चव या जुन्या वाटेवर नेणाऱ्या खुणा ठरू शकतात. पुण्याच्या मुक्तांगणसारख्या संस्थांनी १९८६ पासून केलेल्या कामामुळे महाराष्ट्राला एक गोष्ट उमगली आहे, की व्यसन केवळ रसायनाचे नसते. ते जागा, सोबत आणि सवय यांचेही असते. म्हणून अशा मित्राला ‘तुझ्यासाठी खास शून्यवाली आणली’ असे परस्पर सांगून डबा हाती देणे हा प्रेमाचा अविचार होय. त्याला आधी विचारावे. तो नको म्हणाला, तर कोकम सरबत त्याच्यासह आणखी दोघा-तिघांनी घ्यावे, म्हणजे तो एकटा पडत नाही.

मुलांचाही विचार हवा. नाव, रंग आणि बाटलीचा आकार थेट मूळ बिअरचाच असतो. मद्याची प्रत्यक्ष वा आडवळणाने केलेली जाहिरात दूरचित्रवाणीवर निषिद्ध आहे आणि केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जून २०२२ च्या मार्गदर्शक तत्त्वांत आडवळणाच्या जाहिरातींवर बंदी घातली. तरीही किराणा दुकानाच्या फळीवरची बाटली ही स्वतःच एक जाहिरात असते. कौटुंबिक सहलीत ‘यात काही नसते’ म्हणून ती शाळकरी मुलांच्या हाती दिली, तर चार वर्षांनी ‘यात थोडेसेच असते’ हे वाक्य त्यांना परके वाटणार नाही. मोठ्यांचे पेय मोठ्यांपाशीच राहावे. खारघर दारूमुक्त राहावे म्हणून तेथील रहिवाशांनी वर्षानुवर्षे आवाज उठवला, त्यामागेही घराजवळच्या मुलांची हीच काळजी होती.

गडावर नेताना

निवड झाली, आता वाहतूक. काचेची बाटली घरीच ठेवावी. वजन अधिक, फुटण्याचे भय मोठे आणि फुटलेली काच वर्षानुवर्षे गवतात पडून राहते. प्रबळमाचीवर ठाकूर समाजाची वस्ती आहे. त्यांची मुले आणि गुरे याच वाटांनी फिरतात. ॲल्युमिनियमचे डबे हलके असतात, दाबून पिशवीत मावतात आणि खाली आणले तर भंगारवाला ते घेतो. जेवढे वर नेले तेवढे मोजून खाली आणावे, हा नियम निघतानाच सर्वांना सांगावा.

ऊन हा बिअरचा शत्रू आहे. हिरव्या किंवा पांढऱ्या काचेतून उजेड लागला, की हॉप्समधील घटक बिघडून उग्र दर्प येतो. डब्यात ही भीती नसते. अल्कोहोल हे स्वतः एक टिकाऊपणा देणारे द्रव्य आहे. ते नसल्यामुळे ही बिअर फोडल्यावर लवकर बिघडते. अर्धा डबा रात्री ठेवून सकाळी पिऊ नये. खरेदीच्या वेळी तारीख पाहावी आणि उन्हात मांडलेला माल घेऊ नये. वर शीतकपाट नसते, तेव्हा डबे आदल्या रात्री गार करून ओल्या फडक्यात किंवा जाड वर्तमानपत्रात गुंडाळून पिशवीच्या मध्यभागी ठेवावेत. कोमट शून्य बिअर पिऊन तिच्या चवीवर मत बनवणे हा तिच्यावर अन्याय होईल. माणशी दोन डबे पुरेसे असतात. चार नेले तर ओझे वाढते, साखरही वाढते.

थोडक्यात सांगायचे, तर दुकानात पाच गोष्टी पाहाव्यात: अल्कोहोलचा आकडा, घटकांचा क्रम, बाटलीमागे साखर, तारीख आणि वेष्टन. त्याआधी, घरातच, एक गोष्ट ठरवावी: आपल्याबरोबर कोण आहे आणि परतताना गाडी कोण चालवणार आहे. या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर ठरले नसेल, तर पहिल्या पाचांचा काही उपयोग नाही. ज्या घोळक्यात एकाच्या हाती शून्य आणि बाकीच्यांच्या हाती आठ टक्के आहेत, तेथे त्या एकाने आठवण करून दिल्यावर बाकीच्यांनी ऐकण्याची तयारी ठेवावी लागते.

अल्कोहोलविरहित बिअरने दारूचा प्रश्न सुटणार नाही आणि तसा दावा करणाऱ्या जाहिरातींवर विश्वास ठेवण्याचे कारण नाही. एका रात्रीपुरता, एका घोळक्यापुरता तिचा उपयोग आहे. ज्याला नको आहे, त्याला ‘नको’ न म्हणताही नको म्हणता यावे, एवढी मोकळीक ती देते. पुढच्या काळात ‘नको’ हा शब्दच पुरेसा ठरला आणि त्यावर कोणी हसले नाही, तर या बाटलीची गरज आपोआप कमी होईल. तोपर्यंत रविवारी सकाळी गाडीची किल्ली ज्याच्या खिशात असणार आहे, त्याच्यासाठी सामानाच्या यादीतील ही ओळ वगळू नये.